बाईंची मोजणी

बाई ऑफिसात कुणालाही नावानं हाक मारत नसत. माणूस ज्या गावाहून आला, ते गाव हेच त्याचं नाव. दारात टेबल टाकून बसणारा तो सटाणा, खाली प्रयोगशाळेत नमुने वाळवणारी मुलगी निफाड, आणि मी नांदगाव. "नांदगाव, चहा गार होतोय." "निफाड, आज डोळे का लाल?" साहेब नाशिकचेच, त्यामुळे त्यांना गाव नव्हतं. ते नुसते साहेब. एकदा सटाण्यानं विचारलं, "बाई, आमना गावना आखो एक जण उना तर?"

बाई मान वर न करता म्हणाल्या, "तुला भेटून गेल्यावर तो येणारच नाही."

मी त्यांच्याबद्दल आजवर कुणापाशी काही बोललो नाही. बोलायचा मला मुळात आळस, आणि या बाबतीत गप्प राहण्यात माझा फायदाही होता. तो फायदा आता नकोसा झालाय. त्यात अलीकडे जे झालं ते आठवलं की मला घरात एका जागी बसवत नाही. म्हणून लिहायला बसलोय.

दिंडोरी रोडला आमचं ऑफिस होतं. द्राक्षबागांची माती, पाणी आणि वेलीच्या पानांचे देठ तपासून शेतकऱ्याला कोणतं खत किती घालायचं ते सांगायचं, हा धंदा. खाली प्रयोगशाळा, वर दोन खोल्या, एकूण अकरा माणसं. मी कागदावर क्लार्क. पण कॉम्प्युटरचं सगळं माझ्याकडे होतं, कारण बटणं दाबायला मी भीत नसे. बाई ऑफिस सांभाळायच्या. त्याआधी एकोणीस वर्षं त्या एका शाळेच्या ग्रंथालयात होत्या आणि तिथून निघताना त्यांनी काही आणलं असेल, तर ती कार्डांची सवय.

ऑफिसात जेवढी सॉफ्टवेअर होती, त्या प्रत्येकाच्या परवान्याचं बाईंनी एक कार्ड केलं होतं. पुठ्ठ्याचं, वर भोक पाडलेलं, लाकडी खणात ओळीनं उभं. परवाना कधी घेतला, कोणत्या मशीनवर बसवला, कोण वापरतं. मशीन बदललं की कार्डावर 'परत' असं लिहून खाली नवी ओळ. एक पुस्तक एका वेळी एकाकडेच, हा त्यांचा नियम. सटाण्यानं कुठून तरी पेनड्राइव्हमध्ये चित्रं कापायचं एक सॉफ्टवेअर आणलं, तर बाईंनी त्याच्यासमोर हात पसरला. "कार्ड?"

"बाई, हे फुकट हाय."

"फुकटचं पण कार्ड असतं. त्यावर 'फुकट' असं लिहायचं. पण ज्यानं फुकट दिलं त्यानं तसं लेखी दिलंय का?"

नव्हतं दिलं. पेनड्राइव्ह सहा महिने बाईंच्या खणात होता.

कोणतंही सॉफ्टवेअर बसवताना मध्येच एक लांबलचक करार येतो आणि खाली 'मान्य' असं बटण असतं. जगात ते कुणी वाचत नाही. आमच्याकडे वाचावं लागे, तेही मोठ्यानं. एकदा वेलींच्या खरड छाटणीनंतरच्या ऐन हंगामात देठ तपासायच्या यंत्राच्या सॉफ्टवेअरनं नवी आवृत्ती मागितली. जिन्यावर शेतकरी कागदी पिशव्यांत देठ घेऊन बसलेले, आणि इकडे मी इंग्रजीतून करार वाचतोय आणि त्याचं मराठी करून सांगतोय. चाळीस मिनिटं. सुरुवातीला शेतकरी कुरकुरले. मग ऐकायला लागले. कलम सात आलं तेव्हा एकजण म्हणाला, "थांबा थांबा, म्हंजे बिघडलं तर ह्यांची काहीच जबाबदारी नाय?"

"नाही," मी म्हणालो.

"मग आमच्या व्यापाऱ्यापेक्षा बरं हाय. तो हे नंतर सांगतो."

बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी त्या माणसाचा नमुना पहिला घ्यायला लावला. मी नंतर चिडून विचारलं, कशासाठी हे सगळं. त्या म्हणाल्या, "आमच्या घरात वाचता येणारी मी पहिली. वाचता येत असून न वाचता सही करायची, हा माज झाला, नांदगाव."

हे त्या रागानं म्हणाल्या नव्हत्या. पेरूच्या फोडीला मीठ लावता लावता म्हणाल्या होत्या.

आमचे तीन जुने सर्व्हर टेबलाखाली घरघरत असत. एकात अहवाल, एकात बिलं, एकात शेतकऱ्यांची यादी. उन्हाळ्यात त्यातला एक रोज दुपारी बंद पडे. शेवटी साहेबांनी मनावर घेतलं. एक दणकट नवं मशीन घ्यायचं आणि त्याच्या पोटात जुने तीन आणि सगळ्यांचे पासवर्ड सांभाळणारा एक, असे चार सर्व्हर चालवायचे, असं ठरलं. आभासी सर्व्हर. दिसायला काही नाही, पण आतल्या प्रत्येकाला वाटतं की आपण स्वतंत्र मशीन आहोत. मी आयुष्यात इतका खूश कधी झालो नव्हतो. चाळिशीला आलेला माणूस मी, पण जेवताना बायकोला ताटात वाट्या मांडून दाखवायचो, हे मशीन, हे सर्व्हर.

बाईंना समजावायला बसलो. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे बंगला एक आणि बिऱ्हाडं चार."

"बरोबर."

"मग परवाना बंगल्याचा की बिऱ्हाडाचा?"

माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. हा प्रश्न ज्या विक्रेत्याकडून मशीन घेतलं, त्यालाही पडला नव्हता. तो म्हणाला होता, एक घ्या, चालतंय सगळं, कोण बघतो.

बाईंनी सर्व्हरच्या सॉफ्टवेअरचा करार छापून घेतला आणि आठ दिवस घरी नेला. नवव्या दिवशी आल्या त्या जिन्यातूनच बोलत. "नांदगाव, सापडलं. परवाना बंगल्याच्या ताकदीवर घ्यायचा, पण एका परवान्यावर दोनच बिऱ्हाडं ठेवायची. चार ठेवायची तर तेवढाच परवाना पुन्हा एकदा घ्यायचा. आणि आत येणाऱ्या प्रत्येक माणसाचा पास वेगळा. अकरा माणसं, अकरा पास." त्यांचा चेहरा असा, जणू पोरीला पहिल्याच फटक्यात नोकरी लागलीय. मी माझ्या परीनं तपासलं. अक्षर न् अक्षर बरोबर होतं.

"आणि जुन्या तीन मशीनचे परवाने?" साहेबांनी विचारलं.

"ते पेटीबरोबर आले, पेटीबरोबर जातात. पेटी मेली की तेही मेले."

सटाण्याला हे पटलं नाही. जुन्या मशीनच्या पत्र्यावर परवान्याचं चंदेरी लेबल होतं. "वल्लं फडकं फिरवू, उचकटू आणि नव्याला चिकटाई देऊ. त्यान्मा काय शे?"

"मेलेल्याचं रेशनकार्ड चालवतोस का तू घरी?" बाईंनी विचारलं. सटाणा गप्प झाला, ते थोडं जास्तच गप्प झाला, असं निफाड नंतर हसत सांगायची. बाईंनी तिन्ही कार्डांवर 'पेटीसह समाप्त' असं लिहिलं.

ज्या रविवारी हे सगळं हलवलं, तो दिवस मला तासातासानं आठवतो. सकाळी आठला आम्ही चौघं. साहेबांनी मिसळ आणलेली. एकेक जुना सर्व्हर बंद करायचा, त्यातला माल नव्यात उतरवायचा, सुरू करून बघायचा. बाई हातात कार्डं घेऊन माझ्या खुर्चीमागे उभ्या. पहिलं बिऱ्हाड उठलं. दुसरं उठलं. तिसरं, म्हणजे अहवालाचं, काही केल्या उठेना. देठाच्या यंत्राचं सॉफ्टवेअर एका हिरव्या डोंगलशिवाय चालत नसे. बोटाच्या पेराएवढी ती किल्ली मशीनच्या भोकात खरोखर खुपसावी लागते, आणि माझ्या आभासी सर्व्हरला भोकच नव्हतं.

मी डोक्याला हात लावला. बाई म्हणाल्या, "या बिऱ्हाडाला खरा दरवाजा लागतो. मग बाहेर कुठे तरी दरवाजा लावून आतपर्यंत बोळ काढता येत नाही का?"

त्यांना कॉम्प्युटर येत नव्हता. पण तशी डबी मिळते. डोंगल त्या डबीत खुपसायचा आणि डबी तारेनं नेटवर्कला जोडायची. मी स्कूटर काढली आणि रविवारी उघडं असलेलं एकमेव दुकान शोधून डबी घेऊन आलो. दुपारी तीनला डोंगलचा दिवा लागला, आत अहवालाचं पान उघडलं, आणि बाईंनी टाळी वाजवली. एकच. मग लाजून पदर सावरला. मी त्या दिवशी घरी शिट्टी वाजवत गेलो.

त्यानंतर दर सोमवारी सकाळी बाई माझ्या टेबलापाशी येत. "दाखव." मी यादी उघडे. त्या पडद्याला बोट लावून मोजत. एक, दोन, तीन, चार. चार बिऱ्हाडं, दोन परवाने. खणातल्या कार्डाच्या मागे तारीख टाकत आणि जात. पडद्यावर त्यांच्या बोटाचे चार ठसे राहत.

आता पुढचं.

आभासी सर्व्हरची नक्कल करणं ही किती सोपी गोष्ट आहे, ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. एक बटण, आणि अख्खं मशीन दुसरं तयार. मला एक परीक्षा द्यायची होती. पास झालो तर सर्टिफिकेट, सर्टिफिकेट मिळालं तर मोठ्या कंपनीत जागा. सरावाला सर्व्हर हवा होता. मी एक नक्कल केली. ती मोडली म्हणून अजून एक. चाराची सहा बिऱ्हाडं झाली. सहा म्हणजे तिसरा परवाना लागणार. बाईंना सांगितलं तर त्या साहेबांकडे जाणार आणि साहेब म्हणणार, तुझ्या सरावाला कशाला, काढून टाक. म्हणून मी ती दोन एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकली. सोमवारी बाई आल्या की फोल्डर मिटलेलं असे. त्या मोजायच्या, एक, दोन, तीन, चार. मी शेजारी उभा.

आठेक महिन्यांनी सॉफ्टवेअर कंपनीच्या तपासनिसांचं पत्र आलं. किती सर्व्हर चालवता ते कळवा. बाईंनी 'चार' असं लिहून, सही करून पाठवलं. मग तपासनिसांनी मोजणी करणारा एक प्रोग्राम धाडला आणि व्हिडिओ कॉलवर तो आमच्याकडून चालवून घेतला. हे असं होईल, याची मला कल्पनाच नव्हती. साहेबांच्या खोलीत आम्ही चौघं बसलो होतो. साहेब, बाई, मी, आणि पाणी घेऊन आलेला सटाणा. पडद्यावर आकडा आला. सहा.

बाईंनी कार्डं मोजली. परत मोजली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "नांदगाव, ही दोन कुठली?"

संशय नव्हता त्या प्रश्नात. खरंच विचारत होत्या. साहेब माझ्याकडे बघत होते. परीक्षा पंधरा दिवसांवर होती.

मी म्हणालो, "मी सांगितलं होतं, बाई. तुम्ही म्हणालात, कार्ड नंतर करू. तुमच्या लक्षात राहिलं नसेल."

"कधी?"

"दिवाळीच्या आधी. चहाच्या वेळी."

त्या भांडल्या असत्या, खोटारडा म्हणाल्या असत्या, तर मी तिथेच उघडा पडलो असतो. पण त्या भांडल्या नाहीत. त्यांचे डोळे इकडे तिकडे फिरायला लागले. घरात हरवलेली वस्तू शोधताना फिरतात तसे. त्यांनी सटाण्याला विचारलं, "तू होतास का रे तेव्हा?" तो म्हणाला, "माझं काय ध्यान असतंय, बाई." मग त्या स्वतःच्या हाताकडे बघत बसल्या.

इथे मला एक गोष्ट लिहिलीच पाहिजे, नाहीतर हे लिहिण्याला अर्थ नाही. बाईंच्या आईला शेवटची सहा वर्षं विसरण्याचा आजार होता. चार लेकरांची आई, पण म्हणायची मला दोनच. सुरुवात कशी झाली, ते बाईंनी मला एकदा जेवताना सांगितलं होतं. "ताटं मोजताना चुकायला लागली. आम्ही हसायचो." हे सबंध ऑफिसात फक्त मला माहीत होतं. आणि 'तुमच्या लक्षात राहिलं नसेल' हे वाक्य मी त्यानंतर उच्चारलं होतं.

बाईंनी खुलासा लिहून दिला. 'मोजणीतली चूक माझी, स्मरणाचा दोष.' साहेब म्हणाले होते, एवढं लिहायची गरज नाही, तिसरा परवाना घेऊन टाकू. पण त्यांनी लिहिलं. महिन्याभरात नोकरी सोडली. निवृत्तीला तीन वर्षं होती. जाताना कार्डांचा खण माझ्या टेबलावर ठेवला. "तू ठेव. माझ्यावर आता भरवसा नको."

मी परीक्षा पास झालो. मोठ्या कंपनीत लागलो. पुढे तीही नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं. आता शहरातल्या दहाबारा दवाखान्यांचे कॉम्प्युटर मी सांभाळतो.

मध्यंतरी कॉलेज रोडला मेंदूच्या डॉक्टरांकडे प्रिंटर अडला म्हणून गेलो होतो. सकाळचे अकरा. बाकावर बाई बसल्या होत्या. वाळल्या होत्या, केस पांढरे झालेले. शेजारी तिशीची भाची, तिच्या मांडीवर जाड फाइल.

"नांदगाव," त्या म्हणाल्या.

"ओळखलंत?"

"ओळखलं, म्हणून तर खूश आहे. एक गुण मिळाला." मग भाचीला, "हा आमच्या ऑफिसातला. कॉम्प्युटरचा जादूगार."

मी विचारलं, बरं नाही का.

"दर सहा महिन्यांनी येते. आत घड्याळ काढायला लावतात, पाच शब्द लक्षात ठेवायला लावतात. मला पैकीच्या पैकी पडतात. डॉक्टर म्हणतात, काही नाही तुम्हाला. पण ते खरा पेपर काढतच नाहीत ना. खरा पेपर आपल्या ऑफिसात झाला होता. त्यात मी नापास."

भाची म्हणाली, "सहा वर्षं झाली हो काका. विहाराजवळची अभ्यासिका मावशी चालवायची, ती सोडली. बँकेत एकटी जात नाही. गॅस बंद केला की मला हाक मारते, बघ म्हणते."

हातात प्रिंटरची केबल होती. ती मी बाकावर ठेवली.

"बाई, तुम्ही नापास नव्हता झालात. मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं."

"काय नव्हतं सांगितलं?"

"ती दोन बिऱ्हाडं. मी चोरून केली होती. माझ्या परीक्षेसाठी."

त्या सरळ बसल्या. "दिवाळीच्या आधी, चहाच्या वेळी."

"तसा चहा झालाच नाही."

"यादीत का दिसली नाहीत?"

"वेगळ्या फोल्डरमध्ये होती. तुम्ही यायच्या आधी मी ते मिटायचो."

"दर सोमवारी?"

"दर सोमवारी."

"म्हणजे माझ्यासमोर चारच होती."

"चारच."

"आणि मी चार मोजली."

"हो, बाई."

"परत सांग. सावकाश. हिला ऐकू दे."

मी परत सांगितलं. भाची उठून उभी राहिली. "काका, तुम्हाला लाज आहे का? हिला रात्र रात्र झोप नव्हती, आणि तुम्ही—"

"थांब गं," बाई म्हणाल्या. "भांडण नंतर." त्यांचे गाल लाल झाले होते.

तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला. त्यांनी माझी बाही पकडली आणि मला आत नेलं. पेशंटला नातेवाइकानं धरून न्यावं तसं. "डॉक्टर, हा काय सांगतो ते ऐका आणि लिहा." मी तिसऱ्यांदा सांगितलं. सगळ्यात अवघड ते तिसऱ्यांदाचं होतं, कारण डॉक्टर मला ओळखत होते. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. फाइलचं पहिलं पान काढलं. त्यावर सहा वर्षांपूर्वीची ओळ होती, रुग्णाने स्वतः सांगितलेली चूक. त्यांनी ती खोडली. बाईंनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "नुसती खोडू नका. का खोडली ते बाजूला लिहा. आणि सही." डॉक्टरांनी लिहिलं. बाईंनी सगळं वाचलं, मग मान हलवली.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "बाई, मला माफ—"

त्यांनी हाताचा पंजा माझ्यासमोर धरला. "आत्ता बोलू नकोस, नांदगाव. आधी मला आनंद होऊ दे. रागाला मी नंतर वेळ देणार आहे. चांगला भरपूर. नंबर दे तुझा."

मी सांगितला. भाचीनं मोबाइल काढला, पण बाई म्हणाल्या, "राहू दे, राहिला लक्षात." आणि दहाही आकडे म्हणून दाखवले.

कठड्याला हात न लावता त्या जिना उतरल्या. मी खिडकीतून बघत होतो. भाचीनं रिक्षावाल्याला घरचा पत्ता सांगितला. बाईंनी पुढे वाकून त्याच्या खांद्यावर टिचकी मारली. "घरी नाही. आधी अभ्यासिकेकडे घ्या. किल्ल्या कुणाकडे आहेत ते बघायचंय."

त्याला आता तीन आठवडे झाले. त्यांचा राग अजून आलेला नाही. फोन वाजला की मी पहिल्या घंटीला उचलतो.